मेंढी तीच, कोकरे दोन

सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडे उतरू लागले, की पावसाचे मान झपाट्याने घटत जाते. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर असलेल्या माण, खटाव, फलटण या तालुक्यांत मात्र पाचशे मिलिमीटरांची मजल गाठतानाही पावसाची दमछाक होते. दक्षिणेस आटपाडी, सांगोला, जत आणि उत्तरेस पारनेर, संगमनेरपर्यंत पसरलेल्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात जमीन हलकी, माळ उघडे आणि विहिरींना पाणी बेताचे. दुष्काळ तर या प्रदेशाच्या पाचवीलाच पुजलेला. अशा भूमीत ज्या प्राण्याने माणसाला शतकानुशतके साथ दिली, तो प्राणी म्हणजे मेंढी होय. कुसळी गवत, बाभळीच्या शेंगा आणि पीक निघून गेलेल्या रानातील पालापाचोळा यांवर ती गुजराण करते, रोज मैलोगणती चालते आणि रात्री ज्याच्या शेतात बसते, त्याला लेंडीखताचे दान देऊन जाते.

ही आपली दख्खनी मेंढी. रंगाने काळी किंवा काळी-पांढरी, बांध्याने लहानसर, वजनाने पंचवीस-तीस किलोच्या घरातली. लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे स्थानिक प्रकार जाणकार ओळखतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. त्याच गणनेत शेळ्यांची संख्या मात्र १ कोटी ६ लाखांच्या आसपास भरली. हा फरक केवळ आवडीनिवडीचा नाही. शेळी बांधावर, परड्यात, दोन-चारांच्या संख्येने कोणीही पाळतो. मेंढी मात्र कळपाने राहणारी आणि माळामाळाने हिंडणारी असल्यामुळे तिचे पालन मुख्यत्वे धनगर समाजाच्या हाती राहिले. दोहोंत आणखी एक महत्त्वाचे अंतर आहे. धाराशिव-लातूरकडची उस्मानाबादी शेळी एका वेतात दोन करडे सहज देते. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. जुळे झालेच, तर ती वाड्यावर बोलण्यासारखी गोष्ट ठरते.

याच मेंढीला दोन कोकरे झाली तर? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरासाठी संशोधकांना सुंदरबनाच्या दलदलीपर्यंत जावे लागले, आणि ते उत्तर हाती आल्यानंतरही अर्धे काम शिल्लकच राहिले. त्या उरलेल्या अर्ध्या कामाविषयी लिहावे, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उत्पन्नाचे साधन एकच

मेंढपाळाच्या मिळकतीचे तीन मार्ग परंपरेने सांगितले जातात : लोकर, खत आणि कोकरे. यांपैकी लोकरीची कथा आता सरत आली आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी उत्तम होते, वस्त्र होत नाही. घोंगडीची जागा गिरणीतल्या स्वस्त ब्लँकेटांनी घेतल्यापासून लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. कातरणीची मजुरीदेखील लोकरीच्या विक्रीतून सुटत नाही, ही मेंढपाळांची तक्रार सार्वत्रिक आहे. शेतात मेंढ्या बसविल्याबद्दल शेतकऱ्याकडून धान्य किंवा रोख रक्कम मिळते. परंतु ती कुटुंबाच्या रोजच्या पोटापाण्यात संपते. घरात लग्न निघाले, मुलाची फी भरावयाची झाली, आजारपण उद्भवले, तर हात जातो तो कोकराकडेच. तीन-चार महिन्यांचे कोकरू बाजारात नेले, की पैसा हाती येतो. मेंढपाळाची पेढी म्हणतात ती हीच.

ही पेढी वाढवावयाची कशी? आजवरचा सोपा उपाय म्हणजे मेंढ्यांची संख्या वाढविणे. तथापि तो मार्ग आता बंद होत चालला आहे. गायराने आक्रसली, कालव्याखालच्या रानात ऊस उभा राहिला, वनीकरणाची क्षेत्रे चराईस बंद झाली. दिवाळी उलटली, की या पट्ट्यातील काही कळप घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पण त्या वाटांवरही वाहनांची वर्दळ आणि तारेची कुंपणे वाढली आहेत. चाळीस मेंढ्यांच्या साठ मेंढ्या केल्या, तर गवत तेवढेच राहते आणि वीस तोंडे वाढतात. उपाय करावयाचा तो मेंढ्या न वाढविता कोकरे वाढविण्याचाच.

येथे मागच्या एका प्रयत्नाचा उल्लेख केला पाहिजे. लोकर सुधारावी या हेतूने मेरिनो, राम्बुये यांसारख्या परदेशी जातींशी देशी मेंढ्यांचा संकर करण्याचे प्रयोग देशात पूर्वी मोठ्या प्रमाणावर झाले. शासकीय क्षेत्रांवर संकरित मेंढ्या चांगल्या दिसल्याही; परंतु दख्खनच्या मेंढपाळाने त्या मनापासून आपल्याशा केल्या नाहीत. याचा दोष मेंढपाळाच्या अज्ञानावर ढकलणे आम्हा शासकीय लेखकांना एके काळी फार सोयीचे वाटे. वस्तुतः त्याचा आक्षेप रास्त होता. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालू न शकणारी, उन्हाने धापा टाकणारी मेंढी त्याच्या काय कामाची?

सुंदरबनातील चिमुकली मेंढी

सातारा जिल्ह्यातील फलटण येथे बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. या संस्थेने १९९० च्या दशकात मेंढीच्या प्रश्नात लक्ष घातले आणि तेथील शास्त्रज्ञांची नजर पश्चिम बंगालमधील सुंदरबनाच्या परिसरात आढळणाऱ्या गारोल नावाच्या मेंढीकडे वळली. (बंगालीत या शब्दाचा दुसरा अर्थ 'मूर्ख माणूस' असा आहे. मेंढीच्या बुद्धीविषयी मराठी आणि बंगाली या भगिनी भाषांचे एकमत असल्याचे पाहून मौज वाटते.) ही मेंढी अवघी दहा-पंधरा किलो वजनाची असते, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि एका वेतात बहुधा दोन, क्वचित तीन कोकरे देते.

हा गुण तिच्यात आला कोठून, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १७९२ आणि १७९३ साली कोलकात्याहून निघालेल्या जहाजांतून बंगालमधील काही मेंढ्या ऑस्ट्रेलियात सिडनीला पोहोचल्या. त्या तेथील कळपांत मिसळून गेल्या आणि लोक त्यांना विसरले. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी न्यू साउथ वेल्समधील बुरुला नावाच्या एका मेंढीफार्मवरील मेरिनो मेंढ्या विलक्षण प्रमाणात जुळी-तिळी देतात, हे तेथील संशोधकांच्या ध्यानी आले आणि १९५८ पासून त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. ही करामत अनेक गुणांच्या बेरजेची नसून एकाच जनुकाची आहे, हा निष्कर्ष १९८० च्या सुमारास निघाला. २००१ मध्ये त्या जनुकातील नेमका बदल सापडला. आणि लगेच पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तपासणीत गारोल मेंढीतही हुबेहूब तोच बदल आढळला. बंगालमधून परदेशी गेलेल्या त्या जनुकाचा शोध परदेशी लागला आणि मग त्याचे माहेर सापडले.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. जनुक म्हणजे काय, हे त्याला तज्ज्ञांकडून दोन-तीनदा समजावून घ्यावे लागले. जे समजले ते असे : मेंढी माजावर येते तेव्हा तिच्या बीजकोशात सर्वसाधारणपणे एकच बीज पक्व होऊन सुटते. शरीरात बीजांच्या वाढीला लगाम घालणारी एक यंत्रणा असते. फेक-बी या नावाने ओळखला जाणारा हा जनुक मेंढीत असला, की तो लगाम किंचित सैल पडतो आणि एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजे एकाच वेळी तयार होतात. मेंढीचा रंग, बांधा, चाल, काटकपणा यांच्याशी या जनुकाचा संबंध नाही. सगळ्या योजनेची गोम या एका गोष्टीत आहे. मेरिनोच्या वेळी सबंध मेंढीच बदलावयाची होती. येथे मेंढी तीच ठेवून तिच्यात केवळ एक जनुक आणावयाचा होता.

त्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. गारोल नराशी दख्खनी मेंढीचा संकर केला, की पिलात निम्मा अंश गारोलचा येतो. अशी पिले आकाराने लहान भरतात. मेंढपाळ ती घेणार नाही. म्हणून त्यांचा संयोग पुन्हा दख्खनीशी करावयाचा. गारोल अंश चतुर्थांशावर येतो. पुन्हा तसेच, तो अष्टमांशावर येतो. प्रत्येक पिढीत गारोलपण असे ओसरत जाते आणि त्याबरोबर तो एक जनुक हातातून निसटू द्यावयाचा नसतो. अडचण अशी, की पिलाकडे पाहून त्यात जनुक आहे की नाही, हे कळत नाही. नर तर स्वतः विणारच नाही! पूर्वी त्याच्या मुली मोठ्या होऊन विईपर्यंत वाट पाहणे हाच एक उपाय होता. २००१ च्या शोधानंतर रक्ताच्या नमुन्यावरून जनुकाची परीक्षा करता येऊ लागली. या कामी फलटणच्या संस्थेला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आणि ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांचे साह्य लाभले. या खटाटोपातून जो वाण सिद्ध झाला, त्यास 'नारी सुवर्णा' असे नाव देण्यात आले. पुढे राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून 'अविशान' हा जुळी देणारा वाण तयार केला.

एक प्रत की दोन?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती प्राण्याच्या अंगी असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मेंढीला फेक-बीची एकच प्रत मिळाली असेल, तर दख्खनच्या परिस्थितीत शंभर विणींमागे दीडशेच्या आसपास कोकरे मिळतात. म्हणजे साधारण निम्म्या वेतांत एक आणि निम्म्या वेतांत दोन, तिळी क्वचित. दोन्ही प्रती मिळाल्या, तर तिळ्यांचे प्रमाण वाढते.

वाचकांस वाटेल, मग दोन प्रतींची मेंढी अधिक फायद्याची. तसे नाही. मेंढीला सड दोनच. दख्खनी मेंढीचे दूध जेमतेम एका कोकराच्या बेताचे. थोडा खुराक दिला, तर दोघांना पुरेल. तीन कोकरे जन्मली, तर ती किलो-दीड किलोची अशक्त निपजतात आणि त्यांतील एखादे दगावल्याशिवाय राहत नाही. म्हणून मेंढपाळाच्या कळपात एका प्रतीच्याच मेंढ्या असाव्यात, हे धोरण शहाणपणाचे आहे. दोन्ही प्रती असलेला नर साध्या दख्खनी मेंढ्यांवर सोडला, तर त्याच्या सर्व मुली आपोआप एका प्रतीच्या होतात. मात्र त्याच मुलींवर पुन्हा तोच किंवा तसलाच नर ठेवला, तर पुढच्या पिढीतल्या निम्म्या मुली दोन प्रतींच्या निघतील. तेव्हा दुसऱ्या पिढीस साधा, उत्तम बांध्याचा दख्खनी नर आणला पाहिजे. मग निम्म्या मुलींत एक प्रत राहते, निम्म्यांत मुळीच राहत नाही. तसेही नर दर दोन वर्षांनी बदलावा, अन्यथा बाप-लेकींचा संयोग होऊन कळप खालावतो, हे पशुवैद्यक पूर्वीपासून सांगत आले आहेत. येथे ती शिस्त पाळण्यास आणखी एक कारण मिळाले, इतकेच.

सात कोकरांचा हिशेब

आता प्रत्यक्ष फायदा किती, ते एका कल्पित कळपावरून पाहू. समजा, कळपात चाळीस मेंढ्या आहेत आणि वर्षात प्रत्येकीचे एक वेत झाले. चाळीस कोकरे जन्मली, चार दगावली, छत्तीस उरली. म्हाताऱ्या मेंढ्यांच्या जागी ठेवण्यासाठी आठ माद्या राखल्या, की विकण्यास अठ्ठावीस राहिली. आता समजा, या चाळिसांपैकी वीस मेंढ्या फेक-बीच्या एका प्रतीच्या आहेत. साध्या विसांची वीस आणि या विसांची तीस, अशी पन्नास कोकरे झाली. जुळी नाजूक असल्यामुळे सात दगावली असे धरू. त्रेचाळीस उरली, आठ राखली, पस्तीस विकली. म्हणजे मेंढ्या तेवढ्याच, माळ तेवढाच, राखणारी माणसे तेवढीच आणि विक्रीस कोकरे सात अधिक. उत्पन्न चतुर्थांशाने वाढले.

पण हिशेब येथेच थांबविला, तर ती फसवणूक होईल. त्या पन्नासांपैकी सातांऐवजी चौदा कोकरे दगावली, तर उरतात छत्तीस. म्हणजे आपण होतो तेथेच आलो. उलट, मेंढ्या दोन-दोन गर्भ पोसून खंगल्या ते वेगळेच. सात आणि चौदा यांमधल्या अंतरावर या सगळ्या संशोधनाचे भवितव्य अवलंबून आहे. ते अंतर प्रयोगशाळेत कापता येत नाही. ते वाड्यावर, रात्री-अपरात्री, कंदिलाच्या उजेडात कापावे लागते.

दुसऱ्या कोकराचे दूध

मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा. गर्भाची दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमक्या या काळात पोटात दोन गर्भ असलेल्या मेंढीला चरण्यास पुरेसे मिळत नाही. शिवाय गर्भांनी जागा व्यापल्यामुळे तिच्या पोटात चाराही कमी मावतो. मग ती स्वतःची चरबी जाळू लागते. हे प्रमाणाबाहेर गेले, की मेंढी सुस्तावते, कळपामागे राहते, चारा सोडते आणि कधी कधी विण्यापूर्वीच दगावते. मेंढपाळ अशा वेळी दृष्ट लागल्याचे सांगतात. वस्तुतः ती उपासमार असते. एकीने तिघांचे खावयाचे आणि मिळते एकीपुरतेच.

यावर उपाय महागडा नाही. शेवटचे सहा आठवडे रोज पाव किलो मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, त्यात थोडी शेंगदाणा अथवा सरकी पेंड, आणि जुळी झाली तर विल्यानंतर आणखी महिनाभर तोच खुराक. आधीच्या कल्पित कळपात वीस मेंढ्यांना सहा आठवडे आणि पुढे जुळी झालेल्या दहांना महिनाभर असा खुराक द्यावयाचा, तर पावणेतीन-तीन क्विंटल खाद्य लागेल. बाजारभाव वरखाली होतात. तरी ढोबळ मानाने वाढीव सात कोकरांपैकी दीड-दोन कोकरांची किंमत त्यात जाईल. उरलेली पाच पदरात पडतात. बांधावर शेवरी, हादगा किंवा सुबाभूळ लावता आली, तर हा खर्च आणखी उतरतो. मात्र ज्याला बांधच नाही, अशा मेंढपाळास हा सल्ला देणे म्हणजे भुकेल्याला पक्वान्नाची कृती सांगण्यासारखे आहे, याची जाणीव ठेवलेली बरी.

खरी कसोटी जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाची. एकुलते कोकरू तीन किलोच्या आसपास भरते, जुळ्यांतील प्रत्येक त्याहून लहान असते. लहान जिवाला थंडी लवकर बाधते आणि शक्तीही कमी असते. थोरले कोकरू उठून सडाला लागते, धाकटे थरथरत पडून राहते. अशा वेळी त्याला पुसून कोरडे करणे, नाळेला आयोडिन लावणे आणि पहिल्या तासाभरात त्याच्या तोंडात आईचा चीक जाईल असे पाहणे, एवढ्यावर त्याचे जगणे-मरणे ठरते. आईकडून मिळणारी रोगप्रतिकारक शक्ती कोकराला गर्भात मिळत नाही, ती केवळ चिकातून मिळते. आणि जसजसे तास जातात तसतशी ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता संपत जाते. चीक टाकून देण्याची चाल काही ठिकाणी अद्याप आहे. ती मोडली पाहिजे.

आईचे दूध दोघांना पुरेनासे झाले, तर काय? येथे मेंढपाळांची जुनी रीत कामास येते. बहुतेक कळपांत मेंढ्यांबरोबर चार-सहा शेळ्या असतात. त्या चहाच्या दुधासाठी असतात, असा माझ्यासारख्या शहरी माणसाचा समज. वस्तुतः आई मेलेल्या किंवा भुकेल्या कोकराला शेळीला पाजून वाढविण्याची पद्धत फार जुनी आहे. शेळीचे पाय धरून परके कोकरू लावावे लागते, एवढेच. जुळ्यांची संख्या वाढवावयाची असेल, तर कळपात दूधाळ शेळ्याही दोन अधिक हव्यात.

लसीकरण व जंतनिर्मूलन यांविषयी या पृष्ठांवर यापूर्वी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे विस्तार करीत नाही. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, पीपीआरची लस कोकरे तीन महिन्यांची झाल्यावर, आणि जंतांचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, इतके पुरे. अशक्त जुळ्यांच्या बाबतीत यांतील एकही चुकवून चालणार नाही.

छायाचित्रात नसलेली माणसे

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या पावसाने माळ हिरवे झाले, की मेंढ्या माजावर येतात आणि त्यांतील बहुतेक कार्तिक-मार्गशीर्षात वितात. दिवाळीनंतर वाडे वाटेला लागण्याचा आणि कोकरे जन्मण्याचा काळ असा एकच येतो. मुक्काम रोज नवा. पुरुष मेंढ्या घेऊन दिवस उगवताच रानात जातात. मागे घोड्यावर संसार लादून पुढच्या मुक्कामी जाणे, पाणी-सरपण शोधणे, वाघर लावणे, आणि चालू न शकणारी कोकरे जपून नेणे ही कामे स्त्रियांची. सायंकाळी कळप परतला, की कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे, हे अंधारातही त्यांना अचूक ठाऊक असते. धाकट्याला पाजण्यासाठी मेंढी धरून ठेवते ती बाई. शेळीला लावते ती बाई. रात्री लांडग्याच्या भयाने कोकरे खुराड्याखाली झाकते तीही बाईच. खंडोबाची बाणाई धनगराची लेक होती. तिच्या मेंढ्या राखण्यासाठी देवालाही तिच्या वाड्यावर चाकरी करावी लागली, अशी लोककथा आहे. लोककथेने ओळखलेले हे महत्त्व आमच्या प्रशिक्षण शिबिरांनी मात्र फार उशिरा ओळखले.

माहिती अधिकारी या नात्याने अशा शिबिरांची छायाचित्रे मी वर्षानुवर्षे काढली आहेत. जुनी छायाचित्रे अलीकडे पुन्हा चाळून पाहिली. पुढच्या रांगांत फेटे आणि टोप्या. मागे, मांडवाच्या कडेला, एक-दोन लुगड्यांचे पदर. चिकाचे महत्त्व, धाकट्या कोकराची ऊब, बाटलीने दूध पाजण्याची रीत हे सारे ज्यांना सांगावयाचे, त्या त्या वेळी बहुधा वाड्यावर कोकरे राखीत होत्या. जुळ्यांचा जनुक कळपात आला, म्हणजे पहिली वाढ होते ती या स्त्रियांच्या कामात. ती वाढ त्यांना न विचारता लादली गेली, तर चौदा कोकरे दगावतील. शिबिर वाड्यावर, सायंकाळी, कळप परतण्याच्या वेळी भरविणे गैरसोयीचे खरे. पण ते तेथेच भरविले पाहिजे.

नर निवडताना

राज्य शासनाने २०१७ मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू केली. २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद त्या योजनेत करण्यात आली. मेंढी-शेळी विकासाचे काम पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे आहे. वीस आणि एक हे प्रमाण माझ्या मते योग्य आहे. लहान कुटुंबाला पेलेल आणि प्रत्येक मेंढीकडे लक्ष देता येईल, असा तो कळप असतो. मात्र त्या वीस-एकातील 'एक' कोण, याकडे अर्जदाराने सर्वांत अधिक लक्ष द्यावे. मेंढी आपल्या कोकरांपुरती असते. नर सबंध कळपाचा बाप असतो.

या निवडीत मेंढपाळाचा डोळा पिढ्यान्‌पिढ्या एक चूक करीत आला आहे, आणि ती चूक समजण्याजोगी आहे. बाजारासाठी कोकरे काढताना जे सर्वांत थोराड, लांब आणि उंच दिसते, ते नर म्हणून मागे ठेवले जाते. थोराड दिसणारे कोकरू बहुधा एकुलते असते. आईचे सगळे दूध त्याच्या वाट्याला आलेले असते. जुळ्यातला नर चार महिन्यांचा होईतो किंचित किरकोळ दिसतो, म्हणून तो खाटकाकडे जातो. जुळ्यांचा एखादा दुर्मिळ गुण कळपात असलाच, तर तो असा आपल्याच हातांनी दरवर्षी बाजाराची वाट धरतो. फेक-बीचे नर कळपात आणल्यानंतरही हीच सवय कायम राहिली, तर तीन-चार पिढ्यांत तो जनुक हळूहळू कळपातून नाहीसा होईल, आणि कोणाच्या ध्यानीही येणार नाही.

यास्तव जन्माच्या दिवशीच खूण करावी. जुळ्यातील प्रत्येक कोकराच्या कानात बिल्ला मारावा. बिल्ला नसेल, तर रंगीत दोरा गळ्यात बांधावा. कोणाचे, कोणत्या महिन्याचे, एकटे की जुळे, एवढे तीन शब्द वहीत टिपावेत. वाड्यावर शाळेत जाणारे एखादे मूल आता असतेच. ते काम त्याच्याकडे द्यावे. नर राखावयाचे ते या खुणेच्या कोकरांतून, आणि शक्य तेथे रक्ताची तपासणी करून. ज्येष्ठात कळप परत येतात, पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीसाठी गर्दी होते; रक्ताचे नमुने देण्यास आणि पुढच्या हंगामाचा नर ठरविण्यास तोच काळ सोयीचा आहे, कारण त्यानंतर महिन्याभरात मेंढ्या माजावर येऊ लागतात.